गिटारचे मूळ पिकअप काढून नवे बसवावेत का?

खर्जाची तार

नमस्कार मंडळी. मी नाशिकला असतो. दोन वर्षांपूर्वी ओळखीतून एक वापरलेली इलेक्ट्रिक गिटार घेतली. स्ट्रॅटचा (फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारचा) आकार आणि तीन पिकअप, म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलून अ‍ॅम्पकडे धाडणारे भाग: ब्रिजपाशी (तारा अंगावर अडकतात तिथे) दोन कॉइलचा हंबकर, मधे आणि नेकपाशी (मानेकडे) एकेका कॉइलचे सिंगल कॉइल. कुठला बोलावा ते निवडायला पाच घरांचा स्विच. नेक सरळ आहे, फ्रेट चांगले आहेत आणि हाताला ती इतकी बसली आहे की दुसरी घ्यायचा विचारही मनात येत नाही.

अडचण आवाजाची आहे. ब्रिजचा हंबकर किरटा वाटतो आणि गेन (अ‍ॅम्पने आवाज किती फुगवायचा ते) वाढवला की घूंऽऽ सुरू होतं. मधला पिकअप एकटा लावला तर घरात पंखा चालू असताना वाजवणंच नकोसं होतं. आमच्या ऑर्केस्ट्राचे गणपतीत पाच कार्यक्रम ठरले आहेत. गेल्या वर्षी दोन गाण्यांच्या मधे निवेदन चालू असताना माझा अ‍ॅम्प एकटाच गुणगुणत होता, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुकानात विचारलं तर म्हणाले, तिन्ही पिकअप बदला. परदेशी संच आणि मजुरी धरून वीस हजारांच्या पुढे आकडा गेला. गिटारच मी चौदा हजारांना घेतली होती. पैसे जमवून ठेवलेत, पण मन धजत नाही. ज्यांनी बदललेत त्यांनी सांगा, फरक खरंच पडतो का?

सहा तारा

पडतो, आणि चांगलाच पडतो. मी तीन वर्षांपूर्वी नेकचा आणि मधला बदलला. जुने काढले तेव्हा उलटे करून बघितले: पोल (तारांखालचे धातूचे खुंट) साध्या लोखंडाचे आणि त्यांच्या खाली सिरॅमिक चुंबकाच्या पट्ट्या चिकटवलेल्या. नव्यात प्रत्येक पोल म्हणजे स्वतःच अल्निको ५ ची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम-निकेल-कोबाल्टच्या चुंबकाची, कांडी. आधी पिक हळू मारा नाहीतर जोरात, आवाज फक्त लहान-मोठा व्हायचा. आता हळू छेडलं की तार मऊ बोलते आणि जोर दिला की तिला धार येते. क्लीन, म्हणजे आवाज न फाडता, वाजवणाऱ्याला हा फरक पहिल्या पाच मिनिटांत कळतो. गिटार हाताला बसली आहे म्हणता ना, मग तिच्यावर खर्च करायला कचरू नका. चौदा हजारांची आहे म्हणून तिला चौदा हजारांचाच आवाज असला पाहिजे असं थोडंच आहे!

कथीलवाला

थांबा. आधी आजार, मग औषध.

मी पुण्यात अ‍ॅम्प आणि गिटारची दुरुस्ती करतो. पिकअप बदलून द्या म्हणून येणाऱ्या गिटारी उघडल्यावर दोष बऱ्याचदा दुसरीकडेच सापडतो. पिकअप म्हणजे काय, तर चुंबक आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेची काही हजार वेटोळी. वरची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेटोळ्यांत वीज उमटते. त्यात झिजण्यासारखं काही नाही. तार तुटली नाही तर पन्नास वर्षं चालतो. म्हणून "पिकअप खराब झाला" असं कुणी म्हणालं की मी आधी बाकी सगळं बघतो.

तुमच्या वर्णनात मला खटकलेली गोष्ट ही की हंबकर गुणगुणतोय. त्याचं नावच गुणगुण (हम) मारण्यावरून पडलं आहे. दोन कॉइल उलट्या दिशेने गुंडाळलेल्या, चुंबकाची टोकंही उलटी, त्यामुळे बाहेरून आलेली गुणगुण एकमेकींना मारते आणि तारेचा आवाज मात्र बेरीज होऊन येतो. तो गुणगुणत असेल तर घरात, अ‍ॅम्पमध्ये किंवा त्याच्या जोडणीत काहीतरी आहे. तुम्ही आधी एवढं सांगा:

तारांना हात लावल्यावर घूं कमी होते की वाढते? कमी होत असेल तर ठीक, गिटारचं ग्राउंड अ‍ॅम्पपर्यंत पोचतंय. वाढत असेल तर जॅकवरच्या तारा उलट्या लागल्यात किंवा ब्रिजला जाणारी ग्राउंडची तार तुटली आहे.

पंख्याचा रेग्युलेटर कसला आहे? पायऱ्या नसलेला, गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक असेल तर तो विजेची लाट कापतो आणि ती करकर सिंगल कॉइल लगेच उचलतो. मंडपात लाइटचे डिमर तेच करतात. पंखा बंद करून ऐका.

ऑर्केस्ट्रात कधी सरळ मिक्सरच्या लाइन चॅनेलला लावता का? पिकअपला पुढच्या यंत्रात दहा लाख ओमचा रोध लागतो. लाइन इनपुटला साधारण दहा-वीस हजार असतात. वरचा सगळा उजेड तिथेच विझतो आणि बोल मात्र पिकअपला लागतो. मधे डीआय बॉक्स (गिटार मिक्सरशी जुळवून देणारी डबी) हवाच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. घूं जाते म्हणून अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थची पिन कापू नका, दोन पिनांचा अ‍ॅडाप्टरही लावू नका. तुमच्या तारा ब्रिजमार्गे अ‍ॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. हात तारेवर, ओठ माइकला आणि मंडपातली अर्थिंग तुटलेली, असा योग आला तर माणूस जागेवर जातो. माइकला ओठ लागून मुंग्या आल्या तर कार्यक्रम थांबवा, कोण काय म्हणेल याचा विचार करू नका.

मांडवीकाठ

काकांच्या अर्थिंगबद्दलच्या शब्दाशब्दाला अनुमोदन. मी पणजीत आठवड्यातून तीन रात्री वाजवतो. एका ठिकाणी माइकचा झटका खाल्लाय, ती मुठीची पकड अजून आठवते.

पिकअपबद्दल माझं एवढंच: उंची बघितली का? दोन स्क्रू आणि दहा मिनिटं लागतात. तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि तारेचा तळ ते पोल हे अंतर मोजा. सिंगल कॉइलला खर्जाच्या बाजूने सुमारे २.४ मिमी आणि बारीक तारेच्या बाजूने २ मिमी, इथून सुरुवात करा. हंबकर त्याहून थोडा जवळ चालतो. लोक आवाज मोठा यावा म्हणून पिकअप पार तारांना भिडवतात. मग चुंबक तारच ओढतो, वरच्या फ्रेटवर जाड तार दोन सुरांत बोलल्यासारखी थरथरते आणि ट्यूनिंग कितीही केलं तरी बेसूर वाटतं. माझ्या एका विद्यार्थ्याने याच कारणासाठी गिटार विकायला काढली होती. दोन मिलिमीटर खाली घेतल्यावर तीच गिटार तो आजही वाजवतो.

तारा कधी बदलल्या होत्या? आमच्याकडे पावसाळ्यात खारी हवा तीन आठवड्यांत तारांचा आवाज मारते. मेलेल्या तारांवर जगातला कुठलाही पिकअप गाणार नाही.

खर्जाची तार

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून सगळं तपासलं.

पंखा बंद केल्यावर मधल्या पिकअपची करकर निम्म्याहून कमी झाली. रेग्युलेटर तसलाच आहे. तारांना हात लावला की घूं कमी होते. उंची प्रचंड चुकलेली होती, नेकचा पिकअप तारेला जवळजवळ टेकलेला. मांडवीकाठ यांनी सांगितलं तसं खाली घेतलं आणि बाराव्या फ्रेटवरची ती थरथर गेली. मी इतके दिवस ती फ्रेटची चूक समजत होतो. तारा नव्या टाकल्या, ९-४२ जाडीच्या.

ब्रिजचा हंबकर मात्र तसाच. किरटा आणि गुणगुणणारा. केबल लावून तिच्या दुसऱ्या टोकाला मल्टिमीटरने मोजलं, व्हॉल्यूम पूर्ण उघडा ठेवून. नेक ५.८ किलो-ओम, मधला ५.९, ब्रिज ७.१.

सहा तारा

७.१ म्हणजे हंबकर अगदी ठणठणीत आहे. गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये हंबकरच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि ते मिळालं १९५९ मध्ये. मधल्या काळातल्या पिकअपच्या तळाला "पेटंट अप्लाइड फॉर" असं लेबल असायचं, त्यावरून त्यांना पीएएफ म्हणतात. गिब्सनच्या जुन्या लेस पॉल गिटारमधल्या ज्या आवाजासाठी लोक जीव टाकतात तो हाच पिकअप, आणि त्यांचे आकडे सात ते नऊ किलो-ओमच्या आसपास असतात. म्हणजे तुमचा तुटलेला नाही, मुळातच निकृष्ट चुंबकाचा आहे. बदला.

साठ हर्ट्झ

मी न्यू जर्सीत असतो आणि इथली घूं साठ हर्ट्झची, तुमची पन्नासची, म्हणून हे नाव.

सहा तारा, इतिहास बरोबर सांगितलात, पण ओमच्या आकड्यावरून एवढा निष्कर्ष काढू नका. ओम म्हणजे तारेची लांबी आणि जाडी. ४२ गेजची तार ०.०६३ मिमी असते, ४३ ची त्याहून बारीक. तेवढीच वेटोळी बारीक तारेने घातली तर ओम वाढतात, आवाज तेवढा वाढतोच असं नाही. चुंबक कुठला, कॉइल उंच की बसकी, यातलं काहीच मीटरवर दिसत नाही.

शिवाय पिकअप बदलायची चाल का पडली तेही बघा. १९७० च्या दशकात डिमार्झिओ कंपनीचा सुपर डिस्टॉर्शन पिकअप आला तो ट्यूबच्या अ‍ॅम्पला जोरात ढकलण्यासाठी. तेव्हा अ‍ॅम्पमध्ये गेन कमी होता, पिकअपने जास्त वीज दिली की अ‍ॅम्प फाटायचा आणि तोच आवाज लोकांना हवा होता. सिमोर डंकन यांची कंपनीही १९७६ ची. आज पायातल्या पेडलमध्ये नको तितका गेन मिळतो. म्हणून "जास्त ताकदीचा पिकअप" हे कारण आता तेवढं उरलेलं नाही. स्वभाव बदलायचा असेल तर गोष्ट वेगळी.

आणि मूळ पिकअप म्हणजे वाईट हेही सरसकट खरं नाही. यामाहाच्या पॅसिफिका ११२ गिटारमध्ये कारखान्यातूनच अल्निको ५ येतात, स्क्वायरच्या क्लासिक व्हाइब मालिकेतही अल्निको असतात. तिथे बदलायच्या आधी दहादा विचार करावा.

कथीलवाला

खर्जाची तार, ७.१ वर माझा विश्वास बसत नाही. सांगतो का ते. या वर्गातल्या गिटारींत सिरॅमिकचा हंबकर बहुतेक वेळा भरपूर गुंडाळलेला असतो, दोन्ही कॉइल मिळून तेरा-चौदा किलो-ओम दिसतात. सात म्हणजे बरोबर निम्मे. किरटा आवाज आणि गुणगुण, दोन्ही लक्षणं एकाच कॉइलची आहेत.

अ‍ॅम्प हळू आवाजात चालू ठेवा, स्विच ब्रिजवर. टेस्टरचं टोक पोलवर हलकेच टेकवा. स्क्रूच्या रांगेत प्रत्येक पोलवर टक् असा स्पष्ट आवाज यायला हवा. मग दुसऱ्या, गुळगुळीत पोलांच्या रांगेत तसंच करा. एक रांग ठणठणीत आणि दुसरी जवळजवळ मुकी असेल तर चोर सापडला. मग पिकगार्ड (पिकअप ज्यात बसवलेत ते वरचं पातळ झाकण) उघडा, पण उघडायच्या आधी आणि उघडल्यावर फोटो काढा. प्रत्येक तारेचा, प्रत्येक जोडाचा.

खर्जाची तार

काका, सापडलं!!

स्क्रूची रांग टक्-टक् बोलत होती, दुसरी रांग मुकी. हात थरथरत होते खरे, पण पिकगार्डचे अकरा स्क्रू काढले, तारा सैल करून पिकगार्ड उलटा केला. आधीच्या मालकाने आतल्या खोबणीत सगळीकडे चकचकीत पत्र्याची टेप चिकटवलेली होती, बहुधा गुणगुण थांबावी म्हणून. हंबकरमधून आलेल्या चार बारीक तारांपैकी दोन एकमेकींना पिळून सोल्डर केलेल्या होत्या आणि त्या जोडावर टेप नव्हती. पिकगार्ड बसवला की तो उघडा जोड बरोबर त्या पत्र्याला टेकत होता. पत्र्यावर त्या जागी तांदळाच्या दाण्याएवढा काळा ओरखडा पडला होता. दोन वर्षं तो तिथे घासत असणार.

आईच्या शिवणाच्या डब्यातली छोटी कात्री घेऊन इन्सुलेशन टेपचा तुकडा कापला, जोडावर दोनदा गुंडाळला आणि जोड बाजूला वाकवला. पुन्हा मोजलं: १४.१. अ‍ॅम्पला लावून हात काढला, शांतता. मी पुन्हा व्हॉल्यूम बघितला, बंद तर नाही ना म्हणून. मग पहिला पॉवर कॉर्ड वाजवला आणि शेजारच्या खोलीतून बाबा विचारायला आले, नवी गिटार आणलीस का.

कथीलवाला

शाब्बास. त्या दोन तारा म्हणजे दोन कॉइलमधला सांधा. तो ग्राउंडला टेकला की एक कॉइल बाद होते, कॉइल स्प्लिटचा स्विच मुद्दाम हेच करतो. तुमच्याकडे ते नकळत कायमचं होऊन बसलं होतं. त्या पत्र्याबद्दलही सांगतो, तो काढू नका. विजेची करकर तो अडवतो. पण ट्रान्सफॉर्मरमधून येणारी चुंबकीय घूं पातळ टेपने अडत नाही, ती फक्त दुसरी कॉइलच मारू शकते.

मांडवीकाठ

वा! वाचून अंगावर काटा आला. गणपतीत निवेदन चालू असताना आता अ‍ॅम्प गप्प राहील.

खर्जाची तार

अजून एक विचारतो. आवाज भरदार झालाय, पण आता ब्रिजचा पिकअप थोडा घुमा वाटतो, डोक्यावर पांघरूण घेतल्यासारखा. व्हॉल्यूमच्या पॉटवर (नॉबखालच्या फिरत्या रोधावर) बी२५० के, म्हणजे २५० किलो-ओम, लिहिलंय.

कथीलवाला

तेच कारण. सिंगल कॉइलला २५० के शोभतो, तो वरची टोकदार चमक थोडी निववतो. हंबकर आधीच गडद, त्याला ५०० के हवा. पॉट काही शंभर रुपयांत मिळतो. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. तुमच्याकडेही मिळेल. फक्त दोन गोष्टी बघून घ्या. तुमच्या गिटारचं भोक लहान पॉटचं असेल, अमेरिकन मापाचा पॉट त्यात बसणार नाही आणि जुना नॉबही त्याच्या दांड्यावर चढणार नाही. दुसरं, छापील आकड्यावर जाऊ नका, वीस टक्के इकडेतिकडे चालतो. दुकानातच मीटर लावून ४८० च्या वरचा निवडा. गिटारमध्ये लागलेला पॉट तसाच मोजाल तर पिकअपचेच ओम दिसतील, जोड सोडवूनच मोजायचा.

५०० के लावल्यावर सिंगल कॉइल बोचायला लागले तर त्यांच्या बाजूला ४७० के चा रेझिस्टर ग्राउंडला टाका, त्यांना सुमारे २४२ दिसतील. पॉटच्या पाठीवर डाग देताना पंचवीस वॅटची सोल्डरिंग आयर्न घेऊ नका. ती तापायला वेळ लावते आणि तोवर पॉट आतून भाजतो. साठ वॅटची घ्या, पाठ आधी कानशीने खरवडा, दोन सेकंदांत काम उरका.

सहा तारा

मी चुकलो, ७.१ ला मी निरोगी म्हणालो होतो. खर्जाची तार, माफ करा, माझ्या भरवशावर तुम्ही हंबकर विकत घेतला असता. पण नेकच्या पिकअपबद्दल मी जे म्हणालो त्यावर मी ठाम आहे. मोडलेलं दुरुस्त होतं, पण जे मुळातच त्यात नाही ते उंची बदलून येत नाही. ऑर्केस्ट्रात तुम्ही क्लीन आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकेक सुटे) वाजवता का? मग नेकचा एक चांगला अल्निको सिंगल कॉइल ऐकून तरी बघा. कुणाच्या तरी गिटारवर, तुमच्याच अ‍ॅम्पला लावून.

साठ हर्ट्झ

यात मी सहा तारा यांच्या बाजूने. आता गिटार निरोगी आहे, आता जे आवडत नाही ते खरंच पिकअपचं आहे. बदलायची वेळ ही, आणि तीही एकाच पिकअपची.

खर्जाची तार

५०० के बसवला. काकांनी सांगितलं तसा दुकानातच मोजून, चौथा निघाला ४९२ चा. ब्रिजवरचं पांघरूण उतरलं. काल तालमीत आमचा ढोलकीवाला म्हणाला, आज तुझे सूर मोजता येतात.

मग सहा तारा यांचं ऐकून मित्राची अल्निकोवाली गिटार माझ्या अ‍ॅम्पला लावली. नेकवर खरंच फरक आहे. माझी गिटार ते बोलत नाही. गणपतीनंतर फक्त नेकचा पिकअप घेणार, बाकी दोन्ही राहतील. फक्त एक शंका: चौथ्या घरावर, म्हणजे नेक आणि मधला एकत्र असताना, माझी गुणगुण आत्ता पूर्ण थांबते. नवा आणला तर ते जाईल का?

कथीलवाला

थांबते याचा अर्थ तुमचा मधला नेकच्या उलट गुंडाळलेला आणि उलट चुंबकाचा आहे. नव्याचं चुंबक मधल्याच्या विरुद्धच हवं. सोपी परीक्षा: घ्यायच्या आधी जुन्या नेकच्या पिकअपच्या पोलवर होकायंत्र धरा, सुईचं कुठलं टोक खेचलं जातं ते लिहून ठेवा. नव्यावरही तेच टोक खेचलं गेलं पाहिजे. जुना काढायच्या आधी त्याच्या दोन तारांना काट्याचा मीटर लावा, सगळ्यात लहान डीसी रेंजवर, आणि पोलवर टेस्टर टेकवा. काटा क्षणभर कुठल्या बाजूला उडतो ते बघा. नव्याचा उलट उडाला तर त्याच्या दोन तारांची अदलाबदल करा, पण त्यातली एक धातूच्या कव्हरला जोडलेली असेल तर आधी तो जोड सोडवा.

काट्याचा मीटर नसेल तर पुण्याला येताना गिटार घेऊन या. माझ्याकडे दोन आहेत.